मुकं कडवं

शेवंते,

परवाच्या रविवारी तिसऱ्या कडव्यात एक पोरगी आधीच गायला लागली आणि मी तिला रागावले नाही. इतकी वर्षं मी मिशनच्या देवळात मुलांचा रविवारचा वर्ग घेते आहे, पण असं कधी घडलं नव्हतं. एरवी त्या जागी कुणी घाई केली की मी पेटीवरून अशी बघते की पोरांचं गाणं घशातच राहतं. माझ्या त्या बघण्याची नक्कल तू फार छान करायचीस. "रुत, तू बाईची बी बाई झाली वं," म्हणायचीस. त्या रविवारी तुला जाऊन बारा दिवस झाले होते. वर्ग सुटल्यावर मुलं आपसात कुजबुजली की आज बाईंची तब्येत बरी नाही.

आमच्यात कुणी गेलं की पाळकसाहेब घरच्यांकडून एक कागद लिहून मागतात. जन्म कधी, बाप्तिस्मा कधी, लग्न कधी, मागे कोण कोण. तुझा असला कागद माझ्याकडे कुणी मागणार नाही, ते बरंच आहे. तारखा माझ्या लक्षात राहत नाहीत, आणि तुझा बाप्तिस्मा तर झालाच नाही. मला जे लिहायचं आहे ते त्या कागदावर मावणारंही नाही. एक गोष्ट मी तुला वीस वर्षं सांगितली नाही. ती सांगायला बसले आहे. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. सरळ मुद्द्यावर येईन तर मी रूथ कसली? तेव्हा जरा आडवळणानं येते.

सक्करदऱ्याच्या तलावाजवळची आपली गल्ली आठव. गल्लीच्या एका टोकाला आमचं घर, दुसऱ्या टोकाला तुमचं, मध्ये नळ. माझे बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, तुझे बापू मिलमध्ये. ते पाळी संपवून यायचे तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांत कापूस अडकलेला असायचा. तू दोन वर्षांची असताना त्यांनी तुला खांद्यावर बसवून दीक्षेला नेलं होतं. तुला त्यातलं काही आठवणं शक्य नव्हतं, पण तू अशी सांगायचीस की जणू सगळी माणसं तूच मोजून आत सोडली होतीस. "पांढरंच पांढरं होतं वं सगळं," म्हणायचीस. मी विश्वास ठेवायचे. तुझ्यावर विश्वास ठेवणं सोपं होतं.

आपण नवाच्या असू की दहाच्या? एका रविवारी सकाळी मी कडक इस्त्रीचा फ्रॉक घालून, डोक्याला चपचपीत तेल लावून निघाले होते आणि तू नळावर पाण्याचा गुंड भरत होतीस.

"कोठी जाऊन राहिली वं?"

"संडे स्कूलले."

"रविवारी बी शाळा? मारते का तिथं?"

"नाई. गाने म्हनाले लावते."

तू गुंड तसाच नळाखाली ठेवलास. पाणी वाहून गेलं, तुझ्या आईनं आतून हाक मारली, तरी तू माझ्याकडे बघत उभी. पुढच्या रविवारी तू माझ्याबरोबर होतीस. घरी काय सांगितलंस ते तू मला वाटेत सांगितलंस. आईला खरं, आणि बापूंना, रुतच्या घरी पाढे पाठ करायला जाते म्हणून. बापूंना पाढ्यांचं भारी कौतुक. पोरगी शिकली पाहिजे, एवढंच त्यांचं सांगणं असायचं.

देवळाच्या मागच्या पडवीत आपला वर्ग भरायचा. चटया, भिंतीवर एक नकाशा, आणि बाई. बाई म्हणजे आपल्या रविवारच्या बाई, काटकुळ्या, सुती लुगड्यातल्या, ऊन नसलं तरी छत्री घेऊन येणाऱ्या. त्यांच्या पेटीची एक पट्टी बसलेली होती. गाणं त्या सुराशी आलं की बाई तो सूर तोंडानं भरून काढायच्या, आणि पुढे पुन्हा पेटी सुरू. मला कित्येक वर्षं वाटत होतं की पेटी अशीच वाजवतात. दर रविवारी रंगीत चित्राचं एक तिकीट मिळायचं. तू ती तिकिटं पिठाच्या डब्याखाली लपवायचीस, म्हणून तुझ्या सगळ्या चित्रांतले संत पांढरे भुरके झाले होते.

आणि गाणी! नोहाच्या तारवाचं गाणं होतं, त्यात प्रत्येकाला एक प्राणी मिळायचा. आम्ही सगळ्या कबुतरासाठी आणि हरणासाठी भांडायचो. तू म्हैस मागून घेतलीस. तू अशी काही रेकलीस की रस्त्यानं जाणाऱ्या गवळ्यानं सायकल थांबवून आत डोकावलं. बाई हसता हसता पेटीवर डोकं टेकून बसल्या. त्या दिवसापासून तू बाईंची झालीस. मला ते दिसलं होतं. मी देवळातली, माझ्या आजोबांपासूनची देवळातली, आणि बाई हसल्या त्या तुझ्या म्हशीला. आता लिहिताना हे पोरकट वाटतं, पण दहाव्या वर्षी माणूस पोरकटच असतं.

पण आपलं खरं गाणं मेंढराचं. ते कुठल्या पुस्तकात नव्हतं, बाईंनीच रचलेलं होतं. चाल दळताना म्हणतात तशी, सावकाश.

मेंढरू एक चुकलं रानी,
धनी निघाला शोधाया.

चार कडवी. पहिल्यात मेंढरू चुकतं. दुसऱ्यात धनी काट्याकुट्यांतून हिंडतो. चौथ्यात सापडतं. आणि तिसरं कडवं म्हणायचंच नाही. त्याला शब्द होते, ते सगळ्यांना पाठ होते, पण मोठ्यानं म्हणायचे नाहीत. बाई पेटीचा भाता मिटायच्या, हात मांडीवर ठेवायच्या. पडवीतली तीस पोरं गप्प. "तिसऱ्या कडव्यात धनी थांबतो," बाई सांगायच्या, "आणि कुठून आवाज येतो का ते ऐकतो. तो ऐकत असताना आपण गोंधळ घालायचा नाही. मनात म्हणा." कडवं मनात संपलं की एकीनं चौथं उचलायचं, पेटीच्या आधाराशिवाय, नेमक्या वेळी. तिच्या मागून बाकीच्यांनी. आपण त्याला मुकं कडवं म्हणायचो. दुसऱ्या कुठल्या देवळात असं गाणं मी आजवर ऐकलेलं नाही.

तुझं मुकं कडवं कधी चुकलं नाही. तू डोळे मिटून बसायचीस, पायाचा अंगठा चटईवर हलके हलके हलायचा, आणि बरोबर जिथं यायला हवं तिथं तुझा आवाज यायचा. माझं कधी जमलं नाही. मी मोजायचे. एक ते सोळा मोजले की कडवं संपतं, असा मी शोध लावला होता. पण माझे आकडे पळायचे. तू मला कोपरानं ढोसून म्हणायचीस, "मोजू नको वं. मनात म्हन. मोजलं का हुकलंच समज."

देवाबद्दलचं आपलं भांडणही तिथलंच. माझं म्हणणं, ज्याचं गाणं म्हणतेस त्याला मानायला नको? तू म्हणालीस, "मले तुया देव नको रुत. त्याचं गानं दे." मी म्हटलं, असं चालत नाही. तू म्हणालीस, "काहून नाही चालत? आंबा खाल्ला का झाड घरी आनते का तू?" पुढे वीस वर्षं मी उत्तरं शोधून शोधून तुझ्यापुढे ठेवली आणि तू दर वेळी एखादा आंबा काढायचीस. तुझ्या मुलीला तू याच मेंढराच्या गाण्यावर झोपवलंस, हे मला तूच हसत हसत सांगितलं होतंस. ते भांडण अर्धंच राहिलं. खरं सांगू, मला ते जिंकायचं नव्हतंच. तू येत राहावीस म्हणून मी ते जिवंत ठेवत होते.

आता त्या नाताळाकडे येते.

नाताळच्या कार्यक्रमात मेंढराचं गाणं होणार, सगळी मंडळी देवळात बसलेली असणार, आणि चौथं कडवं शेवंता उचलणार, असं बाईंनी सांगितलं. तू घरी जाताना तलावापर्यंत धावत गेलीस आणि धावत परत आलीस. मीही हसले. बाईंनी तुला पांढरा फ्रॉक शिवून द्यायचं कबूल केलं होतं. बापूंना काय सांगायचं ते ठरायचं होतं, पण अजून दोन आठवडे होते. तुझी आई म्हणाली होती की ती आधी रात्रीच्या जेवणात वांग्याची भाजी करेल आणि मग विषय काढेल.

त्याच आठवड्यात माझ्या आईनं मला तुमच्याकडे सोऱ्या आणायला पाठवलं. नाताळच्या चकल्या तुमच्याच सोऱ्यानं व्हायच्या, कारण आमच्या सोऱ्याची चकती हरवली होती. बापू ओट्यावर बशीतून चहा पीत होते. तू आणि आई नळावर. बापूंनी कौतुकानं विचारलं, "काय रुताबाई, शेवंताचे पाढे कोठवर आले?"

माझ्या तोंडून गेलं, "पाढे कोठले बापू? शेवंता तर नाताळात देवळात एकटी गानार हाय."

बापूंनी बशी खाली ठेवली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तेहतीस कोटी सोडून आलो, पोरी. आता एकासाठी काहून रांगेत उभं राहाचं?" मग आत जाऊन त्यांनी स्वतः सोऱ्या काढून माझ्या हातात दिला. मी घरी आले. त्या वर्षीच्या चकल्या चांगल्या झाल्या होत्या एवढं आठवतं.

पुढच्या रविवारी मी कोपऱ्यावर थांबले आणि तू आली नाहीस. त्याच्या पुढच्याही नाही. बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "शेवंता कुठे?" मी म्हटलं, "तिचे बापू सोडत नाहीत." हे खोटं नव्हतं. बाईंनी थोडा विचार केला आणि चौथं कडवं मला दिलं.

ते कसं झालं ते तुला मी कधी खरं सांगितलं नाही, तर आता ऐक आणि हस. देऊळ भरलेलं. बाईंनी भाता मिटला. मी मोजायला लागले. सोळापर्यंत जायचं होतं, मी तेरालाच उचललं. काही पोरं माझ्याबरोबर धावली, काही आपल्या वेळेला आली, दोन तर अजून मुकीच होती. एक मेंढरू देवळात चार ठिकाणी सापडलं. पहिल्या रांगेतल्या म्हातारबुवांनी हसू दाबायला रुमाल तोंडाला लावला. बाई रागावल्या नाहीत, पेटी उघडून सगळ्यांना गोळा करून त्यांनी गाणं घरी आणलं. पण तेव्हा त्या दाराकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही.

संध्याकाळी मी फराळाचं ताट घेऊन तुमच्याकडे आले. तू ओट्यावर बसून करंजी खाल्लीस.

"जमलं का?"

"जमलं."

"मोजलं तं नाई?"

"नाई."

तू करंजीचा तुकडा मोडलास, निम्मा मला दिलास. मग माझ्याकडे बघून म्हणालीस, "बाईनंच सांगतलं असन बापूले. दुसरं कोन सांगन वं?"

मी म्हटलं, "असेल."

त्या एका शब्दानं माझं पुढचं सगळं बिघडवलं. बाईंच्या डोक्यावर मी माझं पाप ठेवून दिलं आणि घरी जाऊन झोपले. त्यानंतर बाईंचं नाव निघालं की तू तोंड वाकडं करायचीस, आणि ते वाकडं तोंड बघून मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे. नववीत असताना, कॉलेजात, तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लावताना, कधी कशावरून विषय निघाला की तू तेच म्हणायचीस. दुसरं कोन सांगन वं? आणि माझं तेच, असेल. तू म्हणत असताना माझ्या तोंडाकडे बघत असायचीस, हे मला आता आठवतं. तेव्हा मी दुसरीकडे बघत असायचे.

तुझा आवाज मात्र वाया गेला नाही. बापूंनीच तुला विहारात वंदना म्हणायला बसवलं. गाणं बंद करून गप्प बसणारा माणूस नव्हताच तो. पौर्णिमेला तू वंदना म्हणायला लागलीस की बायका कामं टाकून यायच्या. मी दारात चपला काढून मागे बसायचे. दोन ओळींच्या मध्ये तू थांबायचीस तेव्हा तुझा अंगठा सतरंजीवर हलायचा. आख्ख्या विहारात त्याचा अर्थ फक्त मला ठाऊक होता, आणि मला रडू यायचं. लोकांना वाटायचं पोरगी भाविक आहे.

मग तू काटोलला गेलीस. ज्या पाढ्यांचं नाव सांगून देवळात यायचीस तेच पाढे शाळेत पोरांना शिकवायला लागलीस. मी टेलिफोन ऑफिसात लागले. "दिवसभर लोकायचे फोन जोडते, मले एक करत नाही," ही तुझी तक्रार. खरी होती. काटोलचा ट्रंक कॉल माझ्याच बोर्डावरून रोज दहा वेळा जायचा. तुझ्या शाळेत फोन नव्हता ही माझी सबब, पण समोरच्या संत्र्याच्या अडत्याकडे होता, आणि तो निरोप द्यायचा हेही मला माहीत होतं. फोनवर तू तेच विचारशील अशी मला भीती वाटायची.

शेवटची आलीस ती उन्हाळ्यात. एसटीनं आलीस, दुपारी जेवलीस, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवलीस, पंख्याखाली आडवी झालीस. डोळे मिटून म्हणालीस, "रुत, अजून मले समजत नाही वं. बाईनं काहून सांगतलं असन?" घरात आपण दोघीच होतो. कुणी यायचं नव्हतं. तुझी गाडी पाचची, आणि तेव्हा वाजले होते तीन. इतका मोकळा वेळ देवानं मला पुन्हा दिला नसता, आणि दिला नाहीच. मी म्हटलं, "चहा टाकते." अंगठा हलत होता का, ते मी पाहिलं नाही. मी मनाशी ठरवलं की या नाताळात काटोलला जाऊन सांगून टाकायचं. नाताळ यायच्या आधी तुला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तू गेलीस. माझ्याकडे निरोप आला तो थेट शेवटचाच, आणि तोही माझ्याच ऑफिसच्या तारेवरून.

सातव्या दिवशी तुझ्या पुण्यानुमोदनाला मी काटोलला आले. मांडवात पांढरी वस्त्रं, मेणबत्त्या, त्रिशरण. वंदना दुसऱ्या कुणीतरी म्हटली, चांगली म्हटली. सगळं झाल्यावर बापू माझ्याजवळ येऊन सतरंजीवर बसले. आता त्यांच्या केसांत कापूस अडकलेला नाही, केसच कापसासारखे झालेत. म्हणाले, "रुताबाई, आली. बेस केलं."

मला वाटलं, तुला नाही तर निदान त्यांना सांगावं. बाईंचं नाव तरी मोकळं करावं. मी म्हटलं, "बापू, त्या नाताळाचं तुम्हाला आठवतं? शेवंताला वाटायचं की बाईंनी तुम्हाला..."

"बाईनं?" बापूंनी मान वर केली. "बाई कशाले सांगन? तू सांगतलं न. सोऱ्या न्याले आली होती."

मांडवात लोक ये-जा करत होते. कुणीतरी पाण्याचा पेला आणून दिला. मी म्हटलं, "पण शेवंताला ते ठाऊक नव्हतं."

"कोन म्हनते? तिले तं मी त्याच दिवशी सांगतलं, तुयी मैत्रीन सांगून गेली म्हनून. म्हनलं, असल्या पोट्टीच्या नादी लागू नको. तं मलेच म्हने, राहू द्या बापू. ती सांगन मले. तोवर मी काही म्हनत नाही." मग अगदी साधेपणानं, काही टोचावं म्हणून नाही, त्यांनी विचारलं, "मंग? सांगतलं का तुनं?"

मी पाण्याचा पेला हातात धरून बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते उठून गेले.

मला तुझा राग आला. खरंच आला. परतीच्या गाडीत काटोलपासून नागपूरपर्यंत मी तुझ्याशी भांडत होते. ठाऊक होतं तर बोलायचं होतंस. दोन थोबाडीत मारायच्या होत्यास. वीस वर्षं समोर बसून विचारत राहिलीस आणि मी मांजरासारखी डोळे मिटून दूध पीत राहिले. आणि त्या बिचाऱ्या बाईंचं काय? खोटं ठाऊक असून त्यांच्या नावानं तोंड वाकडं करत होतीस? या एकाच बाबतीत मी तुला पकडलं असं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी मी धरमपेठेत बाईंकडे गेले.

बाई आता भाच्याकडे असतात. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, आवाजावरून माणूस ओळखतात. कोपऱ्यात संत्र्यांची एक टोपली होती. मी कसाबसा विषय काढला. म्हटलं, शेवंता तुमच्यावर नाराज होती, आणि त्याला कारण मी.

बाई हसल्या. "शेवंता? माझ्यावर? अगं, ती टोपली कुणाची आहे? दर हंगामाला यायची. तुझ्याकडे यायच्या आधी सकाळी माझ्याकडे, कधी स्वतः, कधी कुणाच्या हाती. बसायची, मेंढराचं गाणं म्हणायची. तुझी एकच तक्रार करायची. 'बाई, रुत अजून मोजूनच राहिली.'"

मग त्यांनी विचारलं, "यंदा स्वतः नाही आली. टोपली पाठवली ती दोन आठवड्यांपूर्वी. बरी आहे ना?"

ते मला सांगावं लागलं. मी सांगितलं. बाई बराच वेळ गप्प होत्या. त्यांचे हात मांडीवर होते, भाता मिटल्यावर ठेवायच्या तसे. मीही गप्प बसले, आणि शेवंते, मी मोजलं नाही. निघताना त्यांनी टोपलीतली दोन संत्री माझ्या पिशवीत टाकली.

परवा वर्गात जिनं घाई केली, त्या पोरीला मी जवळ बोलावलं. विचारलं, "मोजत होतीस का गं?" ती घाबरून हो म्हणाली. मी म्हटलं, "मोजू नको. मनात म्हण." माझ्या तोंडून तुझा आवाज आला म्हणून मीच दचकले. आम्ही गाणं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. तिसऱ्या कडव्याला मी भाता मिटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते कडवं मी शब्द न शब्द मनात म्हटलं, आणि पहिल्यांदा मला कळलं की ते किती लांब आहे. धनी थांबलेला असतो. हाक मारत नाही, पुढे जात नाही, नुसता ऐकतो. तू माझ्यासाठी एवढा वेळ कशी थांबलीस गं? बापूंनी नादी लागू नको म्हटलं, तरी माझ्या ओट्यावर आलीस, माझा आळणी स्वयंपाक खाल्लास, हळदीला मलाच बोलावलंस. मी तुझं गाणं घेतलं आणि तू करंजीचा निम्मा तुकडा मला दिलास. याचे आभार कसे मानायचे ते मला बाईंनीही शिकवलेलं नाही.

आता उचलते. उशीर झाला आहे, पण हुकून लवकर येण्यापेक्षा हे बरं म्हण. वर मी लिहिलं आहे की ओट्यावर माझ्या तोंडून ते गेलं. वाचून बघितलं, आणि तेही खोटंच आहे. सोऱ्या आणायला निघाले तेव्हाच, गल्लीतून येताना, मी ते वाक्य दोनदा मनात म्हणून पाहिलं होतं. तू नळावर आहेस हे बघून मी आत शिरले होते.

शेवंते, बाईनं नाही वं. तुया बापूले मीच सांगतलं. तोंडातून गेलं नव्हतं, मुद्दाम सांगतलं. मले ते कडवं पायजे होतं.